कुत्र्यासह पहिला तंबूमुक्काम : कुठे जावे आणि काय काळजी घ्यावी?

मृण्मयी_को

नमस्कार. आमच्याकडे मिरी नावाची तीन वर्षांची देशी कुत्री आहे. एका पावसाळ्यात सोसायटीच्या फाटकाशी थरथरत बसलेले काळे पिल्लू मुलाने वर आणले, ते आता १८ किलोचे झाले आहे आणि घरातील एकमेव चांगली खुर्ची त्याच्या मालकीची आहे. मिरीचा आजवरचा प्रवास म्हणजे पशुवैद्यांचा दवाखाना आणि वर्षातून एकदा सासवडला मावशींचे घर, एवढाच.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तंबूत राहायला जायचे आणि मिरीला बरोबर न्यायचे, असा आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांचा हट्ट आहे. भंडारदऱ्याला जलाशयाच्या काठी किंवा पवना धरणाच्या परिसरात जावे, असे दोन पर्याय मनात आहेत. आम्ही दोघांनी लग्नापूर्वी बरेच ट्रेक केले असल्यामुळे तंबू, चूल, झोपण्याच्या पिशव्या यांची माहिती आहे. मात्र कुत्र्याला घेऊन असे कधीच गेलेलो नाही. मुख्य प्रश्न रात्रीचा आहे. तिला तंबूत घ्यावे, तंबूबाहेर बांधून ठेवावे की गाडीत झोपवावे? शेजारच्या काकांचे म्हणणे असे की कुत्रा हा राखणीचाच प्राणी असल्यामुळे तो बाहेरच शोभतो. यजमानांचे मत आहे की तिला दोन दिवस मावशींकडे ठेवावे आणि विषय संपवावा. अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

फुकटचा_सल्ला

कुत्र्यासह गिर्यारोहणाचा आपल्याकडील सर्वांत जुना अनुभव धर्मराजाच्या नावावर जमा आहे. बायको आणि चार भाऊ वाटेत गळाले, तरी त्याने कुत्र्याची साथ सोडली नाही आणि कुत्र्याला प्रवेश नसेल तर मलाही स्वर्ग नको, असे इंद्राला तोंडावर सांगितले. आपण निदान मुक्कामाच्या मालकाला आधी दूरध्वनी करून कुत्र्याला प्रवेश आहे की नाही, हे विचारून घ्यावे, कारण ऐनवेळी वाद घालायला सगळेच धर्मराज नसतात.

घाटवाटांचा_वाटसरू

मृण्मयीताई, गेली अकरा वर्षे मी कुत्र्यासह सह्याद्रीत मुक्काम करतो आहे. आधीचा कुत्रा म्हातारपणाने गेला आणि आताची कारवान जातीची कुत्री चार वर्षांची आहे. त्या अनुभवावर आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो : कुत्र्याला रात्री बाहेर बांधू नये. कोणत्याही परिस्थितीत बांधू नये.

कारण बिबट्या. शहरात आपण त्याला जंगलातला प्राणी समजतो, पण पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांच्या सीमेवर तो उसात आणि वस्तीच्या आडोशाला राहतो आणि त्याचे आवडते खाणे म्हणजे कुत्रा. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला होता. त्यात असे दिसले की आहारातील सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव आणि घराभोवतीच्या प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचाच वाटा ३९ टक्के होता, म्हणजे शेळ्यांपेक्षाही कितीतरी जास्त. आपले भंडारदरा त्याच अकोले तालुक्यात येते. दोरीने बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि लढताही येत नाही; शेजारच्या काकांना हे अवश्य सांगावे. बिबट्या तंबूत घुसून कुत्रा नेईल, ही भीती मात्र बाळगू नये. माणसांच्या मध्ये, बंद तंबूत झोपलेला कुत्रा आणि अंधारात खुंटीला बांधलेला कुत्रा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गाडीचा पर्यायही मला पसंत नाही. काचा बंद केल्या तर गुदमरण्याची भीती असते आणि उघड्या ठेवल्या तर अनोळखी जागी एकटे पडलेले जनावर रात्रभर रडते. त्यापेक्षा तंबू एक माप मोठा घ्यावा. तिघांसाठी चार माणसांचा तंबू घ्यावा, कारण १८ किलोची कुत्री झोपेत आडवी झाली की ती एका माणसाची जागा सहज खाते.

दुसरा मुद्दा जागेचा. भंडारदरा मनातून काढून टाकावे. तेथील रतनवाडी, साम्रद हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि अभयारण्यात पाळीव कुत्रा नेणे योग्य नाही. भीमाशंकर, ताम्हिणी, कोयना, फणसाड यांनाही हेच लागू आहे. पहिल्या वेळी घरापासून दोन तासांच्या आतली आणि ओळखीतल्या कोणाच्या शेतातली जागा शोधावी, म्हणजे रात्री दोन वाजता सगळे बिनसले तर तंबू तसाच सोडून घरी परतता येते. हे मी थट्टेने लिहीत नाही. माझ्या पहिल्या कुत्र्याच्या पहिल्या मुक्कामात मी नेमके तेच केले होते.

जुन्नरचा_अण्णा

वरील प्रतिसादातील बिबट्याचा भाग शंभर टक्के खरा आहे. आमच्या वस्तीवर गेल्या सहा वर्षांत आमची स्वतःची तीन कुत्री गेली. त्यातला एक तर पडवीत, माझ्या खाटेपासून दहा हातांवर होता. सकाळी फक्त साखळी आणि तुटलेला पट्टा सापडला. त्यानंतर आम्ही जाळीचा खुराडा बांधला आणि संध्याकाळी सहानंतर कुत्रा आत जातो.

परंतु मला धाग्याच्या मूळ कल्पनेवरच आक्षेप नोंदवायचा आहे. शहरातून येणारी मंडळी त्यांच्या कुत्र्यांना गावात आणून पट्टा सोडतात आणि "बिचारा कधी मोकळा धावत नाही हो" असे कौतुकाने सांगतात. त्या बिचाऱ्याने गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाच्या सात कोंबड्या मारल्या आणि मालकाने पाचशेची नोट पुढे केली. मेंढरांच्या वाड्यात एक कुत्रा शिरला तर गाभण मेंढ्या बिथरून पळतात आणि त्यात गाभ टाकतात, याची किंमत नोटेत होत नाही. तेव्हा मिरीला मावशींकडे ठेवण्याचा तुमच्या यजमानांचा विचार मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

रानफूल

अण्णांच्या आक्षेपाला एक जोड देते. कुत्र्यांचे आजार रानातल्या प्राण्यांनाही होतात. २०१८ साली गीरमध्ये २० हून अधिक सिंह दगावले, त्यामागे कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू आढळला होता आणि हा विषाणू कुत्र्यांमध्ये सर्रास असतो. कोल्हे आणि लांडगे तर कुत्र्याचे सख्खे नातेवाईकच आहेत. लसीकरण अपुरे असेल तर त्या कुत्र्याला माळरानावरही नेऊ नये, मग अभयारण्य असो वा नसो.

मृण्मयी_को

सर्वांचे आभार. वाटसरूदादा, भंडारदरा रद्द केले आहे. मिरीला बाहेर बांधण्याचा विचार तर आपला प्रतिसाद वाचता वाचताच रद्द झाला आणि शेजारच्या काकांनाही तो मोठ्याने वाचून दाखवला. अण्णा, आपला राग समजू शकते. मिरी कबुतरामागे धावते हे मान्य करते, त्यामुळे तिला पूर्ण वेळ पट्ट्यातच ठेवीन, असा शब्द देते. तिची लसीकरणाची वही पाहिली असता रेबीजची लस मार्चमध्ये झाली आहे. बाकीचे रकाने मला नीट उलगडत नाहीत.

पशुवैद्य_वाईकर

वही घेऊन आपल्या पशुवैद्यांकडे निदान चार आठवडे आधी जावे. रेबीजबरोबरच डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांचा समावेश असलेली लस झाली आहे का, हे विचारावे. लेप्टोची लस पूर्वी कधीच दिली नसेल, तर पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात, म्हणूनच मी चार आठवडे म्हणालो. हा आजार उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो आणि तो माणसालाही होतो. त्यामुळे मिरीला डबक्यातले किंवा भाताच्या खाचरातले पाणी पिऊ देऊ नये. साधारण हिशेब सांगायचा तर कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलीटर पाणी लागते, म्हणजे मिरीला सुमारे एक लीटर. चालणे झाले तर त्याच्या दीडपट ते दुप्पट पाणी घरूनच न्यावे.

आता खरा शत्रू. बिबट्याविषयी सगळे बोलतात, पण माझ्या दवाखान्यात सहलीहून परतलेली जी कुत्री येतात ती बिबट्यामुळे नव्हे, तर गोचिडांमुळे येतात. गुरे चरतात त्या गवतात गोचीड असतोच. त्यातून बेबेसिया आणि अर्लिकिया हे आजार होतात, ज्यांना लोक सरसकट गोचीडताप म्हणतात. गोचीड प्रतिबंधक चघळण्याच्या गोळ्या मिळतात. काहींचा परिणाम एक महिना तर काहींचा सुमारे १२ आठवडे टिकतो. निघण्यापूर्वी किमान दोन दिवस आधी, पशुवैद्यांना विचारूनच ती द्यावी, कारण झटके येणाऱ्या कुत्र्यांना ती चालेलच असे नाही. गोळी दिली तरी परतल्यावर अंगावरून हात फिरवणे चुकवू नये. कानाची आतली घडी, काख, जांघ, शेपटीचे मूळ आणि पायाच्या बोटांमधली जागा बोटांनी चाचपून पाहावी. गोचीड सापडला तर रॉकेल, तूप, जळती उदबत्ती असले प्रयोग न करता बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. त्यानंतर तीन आठवडे भूक, ताप, हिरड्यांचा रंग आणि लघवीचा रंग यांवर लक्ष ठेवावे. हिरड्या फिकट किंवा लघवी गडद चहासारखी दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आणि एक कळकळीची विनंती : माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. डासांसाठी आपण लावतो ते मलमही तिच्या अंगाला लावू नये, कारण ती ते चाटणार.

पग_मालक

आमचे गणपतराव नावाचे पग पाच वर्षांचे असून त्यांना तंबू, डोंगर आणि निसर्ग या तिन्हींचा तिटकारा आहे. बसक्या नाकाच्या कुत्र्यांना धाप लवकर लागते आणि धापेनेच कुत्रा अंग थंड करतो, त्यामुळे आमचा त्रास दुहेरी असतो. जानेवारीत सकाळी नऊ वाजता टेकडीवर अर्धा तास चाललो, तर गणपतराव जागीच बसले आणि त्यांना मी खांद्यावर घेऊन खाली आणले. येणारे-जाणारे लोक विचारत होते की कुठला नवस आहे. मिरी देशी आहे, लांब नाकाची आहे, तिला हा प्रश्न नाही. पण ती काळी आहे, एवढे लक्षात असू द्यावे. डिसेंबरातही दुपारच्या उन्हात काळे अंग तापते. कातळावर आपला तळहात पाच सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सोसवला नाही, तर तिच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

जर्सीची_काकू

आमच्याकडे अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचा नियम आहे की कुत्र्याचा पट्टा सहा फुटांहून लांब असता कामा नये आणि बहुतेक उद्यानांत त्याला पायवाटांवर प्रवेशच नसतो. व्हर्जिनियातले शेनान्डोआ त्याला अपवाद आहे. तेथे बहुतेक पायवाटांवर पट्ट्यासह कुत्रा चालतो, म्हणून आम्ही दर ऑक्टोबरात आमच्या लाब्राडोरला तिथे घेऊन जातो. तिथे बिबट्या नाही, पण काळे अस्वल आहे. त्यामुळे कुत्र्याचे खाणेसुद्धा रात्री बाहेर ठेवता येत नाही. वाटीतला उरलेला घास, खाण्याची पिशवी, सगळे गाडीत किंवा लोखंडी पेटीत बंद करावे लागते.

हा नियम सह्याद्रीतही पाळावा, असे मी सुचवेन. अस्वल सहसा नसले तरी रानडुक्कर, मुंगूस आणि गावातली भटकी कुत्री वासावर येणारच, आणि मग मिरीची आणि त्यांची जुंपणार.

जुन्नरचा_अण्णा

काकूंचा सहा फुटांचा पट्टा मला एकदम मान्य आहे. हा नियम इथे कोणी फलकावर लावला, तर मी स्वखर्चाने रंगवून देईन.

हिमालयवेडा

बिबट्याच्या चर्चेवरून आठवले म्हणून लिहितो. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा रुंद पट्टा असतो, कारण बिबट्या पहिला घाव गळ्यावर घालतो. मी असा एक पट्टा हातात घेऊन पाहिला आहे. तो चांगलाच जड होता आणि एक काटा तळाशी वाकलेला होता. तो कशाने वाकला, असे विचारल्यावर त्या म्हाताऱ्याने नुसते हसून कुत्र्याकडे बोट दाखवले. मिरीसाठी असा पट्टा करून घेता येईल काय?

घाटवाटांचा_वाटसरू

हिमालयवेडा, ती कुत्री पिढ्यान्‌पिढ्या कळपाबरोबर वाढलेली असतात आणि एकटी नसतात. खुर्चीवर झोपणाऱ्या मिरीला काट्यांचा पट्टा घालून तंबूत घेतले, तर पहिला बळी हवेच्या गादीचा जाईल.

पट्ट्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो की गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस घ्यावा. घाबरलेला कुत्रा मागे सरकत जाऊन डोके पट्ट्यातून अलगद बाहेर काढतो, हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा त्यावर विश्वास ठेवत नाही. पट्ट्याला पितळी बिल्ला लावून त्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरून घ्यावा.

शंकेखोर

माझी शंका तंबूत पोहोचण्याच्या आधीची आहे. आमचा कुत्रा गाडीत वीस मिनिटांत ओकतो. घाटाच्या वळणांवर काय करावे?

पशुवैद्य_वाईकर

निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला देऊ नये, पाणी थोडे थोडे द्यावे, खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी आणि दर तासाला उतरवून पाय मोकळे करू द्यावेत. तरीही होत असेल तर उलटीवर कुत्र्यांसाठी औषध आहे, पण ते तपासूनच देतात. शक्य असल्यास आधीचे दोन आठवडे रोज दहा मिनिटे गाडीतून कुठेतरी आवडीच्या जागी न्यावे. बऱ्याच कुत्र्यांच्या दृष्टीने गाडी म्हणजे इंजेक्शन, एवढेच समीकरण झालेले असते आणि अर्धी उलटी त्या भीतीची असते.

काठावरचा_तंबू

मृण्मयीताईंचा दुसरा पर्याय पवना होता आणि त्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहितो. तो सुखाचा नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही आमच्या ब्रूनोला घेऊन पवना जलाशयाच्या काठी, भाड्याने तंबू देणाऱ्या एका ठिकाणी गेलो. दूरध्वनीवर "कुत्रा चालेल, काही अडचण नाही" असे सांगण्यात आले होते. दुपार फार छान गेली. समोर पाणी, पलीकडे तुंग आणि मागे तिकोना हे किल्ले. ब्रूनो काठच्या चिखलात लोळून जणू कांस्यपुतळा होऊन आला. संध्याकाळी सातला गाणी सुरू झाली. एका तळावरची गाणी दुसऱ्याच्या गाण्यांवर मात करण्यासाठी वाढत गेली आणि साडेनऊला कोणाच्या तरी वाढदिवसाचे फटाके सुटले.

पहिल्या आवाजाला ब्रूनो उभा राहिला. दुसऱ्या आवाजाला त्याने मागे सरकून डोके पट्ट्यातून बाहेर काढले, अगदी वाटसरूंनी वर लिहिले आहे तसेच, आणि तो अंधारात नाहीसा झाला. माझ्या हातात पट्टा तसाच होता, त्याचे बक्कलही लागलेले होते. पुढचे पाच तास आम्ही दोघे विजेऱ्या घेऊन त्याला हाका मारत फिरलो. तळावरच्या एका पोराने दुचाकी काढली, एका गावकऱ्याने घराघरांत निरोप दिला. मालक मात्र "येईल सकाळी, कुत्रा आहे तो" असे म्हणून झोपायला गेले. रात्री अडीच वाजता तो आमच्याच गाडीखाली सापडला. बहुधा तो बराच वेळ तिथेच होता, कारण खालची माती त्याच्या अंगाने खोलगट झाली होती. मी जमिनीवर पालथा पडून हात आत घातला, तेव्हा त्याने माझी बोटे आधी हुंगली आणि मगच शेपटी हलवली.

तेव्हा पवन्याला जायचेच असेल तर आठवड्यातल्या मधल्या वारी जावे, शनिवार-रविवार टाळावेत आणि "कुत्रा चालेल का" एवढेच न विचारता "रात्री ध्वनिक्षेपक लावता का, फटाके उडवता का" हेही विचारावे. आणि कुत्रा हरवलाच, तर शंभर ठिकाणी धावण्याआधी त्याच्या ओळखीच्या वासाची जागा आधी पाहावी.

रानफूल

काठावरचा_तंबू, शेवटचा परिच्छेद वाचताना डोळे भरून आले.

शेकोटीविषयी एक सूचना. झाडावर किंवा कड्याला आग्यामोहोळ असेल तर त्याखाली धूर करू नये. माश्या उठल्या की माणूस पळतो. बांधलेला कुत्रा तिथेच राहतो. तंबू ठोकण्यापूर्वी मान वर करून एकदा सगळे पाहून घ्यावे. दगडांच्या राशीपासूनही तंबू दूर असावा, कारण फुरसे दगडांखालीच असते आणि कुत्र्याला प्रत्येक दगडाखाली नाक घालायचेच असते. फुरसे अंगाची वळणे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. तो आवाज आला की कुत्र्याला ओढून मागे घ्यावे. दंश झालाच, तर चिरा देणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता त्याला उचलून थेट उपचाराला न्यावे. जवळचा पशुवैद्य कोण आणि त्याच्याकडे सर्पदंशावरची लस आहे का, ही चौकशी घरूनच करून निघावे.

फुकटचा_सल्ला

बिबट्या, गोचीड, फुरसे, आग्यामोहोळ, लेप्टो आणि वाढदिवसाचे फटाके. आता धागाकर्तीच्या यजमानांना ही यादी छापून भिंतीवर लावण्याचा मोह होत असणार.

जर्सीची_काकू

घाबरवणे पुरे झाले. मृण्मयी, एक सोपी गोष्ट कर : जाण्याआधी आठवडाभर तंबू घरातच उभा कर. आमच्या लाब्राडोरला पहिल्यांदा चेनचा सर्र आवाज ऐकूनच धडकी भरली होती. दिवाणखान्यात तंबू लावून त्यात तिचे रोजचे अंथरूण टाक, जेवणाची वाटी आत ठेव, आणि ते अंथरूण न धुता तसेच सहलीला ने. आपल्याला तो वास वाटतो, तिला ते घर वाटते. आणि कोळशावरचे जेवण करणार असाल, तर मुलाला बजावून ठेव की हाडे, कांदा, मनुका आणि चॉकलेट मिरीला द्यायचे नाही. शिजवलेल्या हाडाचे कुसळासारखे टोकदार तुकडे होतात. सळईला लागलेल्या मसाल्याच्या वासाने कुत्रे सळई गिळायलाही कमी करत नाहीत, तेव्हा त्या मोजून परत ठेवाव्यात.

मृण्मयी_को

तंबू काल रात्री दिवाणखान्यात उभा केला. मिरीने तासभर त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या, एकदा त्याच्यावर गुरगुरली आणि शेवटी चिरंजीव आत जाऊन झोपल्यावर हळूच आत शिरली. यजमानांना दूरदर्शन पाहण्यासाठी आता स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकावी लागते. पवना रद्द. भोरजवळ, भाटघर जलाशयापासून थोड्या अंतरावर माझ्या सहकाऱ्याच्या काकांचे शेत आहे, तिथे मंगळवारची रात्र ठरली आहे. आल्यावर लिहीन.

मृण्मयी_को

आलो! उशीर झाला, क्षमस्व. सविस्तर लिहिते, कारण वरच्या जवळपास प्रत्येक प्रतिसादाचा उपयोग झाला.

दुपारी तीनला पोहोचलो. वाटेत दोनदा थांबलो आणि मिरीला उलटी झाली नाही. शेताचे मालक, ज्यांना आम्ही सगळे तात्याच म्हणू लागलो, त्यांनी आधी कोंबड्या खुराड्यात कोंडल्या आणि मगच मिरीला गाडीतून उतरू दिले. अण्णा, तेव्हा आपली आठवण झाली. तात्यांच्या दोन गावठी कुत्र्यांची आणि मिरीची ओळख फाटकाबाहेर, रस्त्यावर, चालता चालता करून दिली. तात्यांचेच म्हणणे होते की कुत्र्यांची पहिली भेट एखाद्याच्या हद्दीत झाली तर भांडण ठरलेले असते. दहा मिनिटे तिघे एकमेकांकडे न पाहता एकाच दिशेने चालले आणि मग प्रकरण मिटले.

तंबू आंब्याखाली लावायचा होता, पण रानफूल यांच्या सांगण्याप्रमाणे मान वर केली, तर मोहोळ नव्हते, मात्र एक भलीमोठी वाळलेली फांदी लोंबकळत होती. त्यामुळे तंबू मोकळ्यावर, गोठ्याच्या जवळ घेतला. मेखा ठोकताना मिरीला वाटले की आम्ही काहीतरी पुरत आहोत, म्हणून तिने दोन मेखा इमानेइतबारे उकरून काढल्या. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या, तरी त्यांत सर्वांत जास्त वेळा अडखळले ते यजमानच.

रात्री आठलाच सगळे आत गेलो. थंडी चांगलीच होती. मिरी आधी दाराशी बसली, मग मुलाच्या पायाशी आली आणि नऊच्या सुमारास त्याच्या झोपण्याच्या पिशवीत डोके घालून, धड आमच्या दोघांच्या अंगावर टाकून आडवी झाली. वाटसरूदादा, चार माणसांचा तंबूही तिला अपुराच पडला.

पहाटे पावणेतीनला मला जाग आली ती ती उठल्यामुळे. ती भुंकली नाही. कान ताठ, शेपटी सरळ, आणि छातीतून येणारा एक बारीक, सलग आवाज, जो मी तीन वर्षांत कधी ऐकला नव्हता. बाहेर वाळक्या पाल्यावर पावले वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती. गोठ्यातली म्हैस एकदा फुसकारली. मी मिरीच्या हार्नेसमध्ये हात अडकवून बसले आणि यजमानांना हलवले, तर त्यांनी डोळे न उघडता "बिबट्या असेल, दार उघडू नकोस" असे सांगून कूस बदलली. अर्धा तास मी तशीच बसले होते. माझ्या हाताखाली तिचे काळीज इतके जोरात उडत होते की मला वाटले तो माझ्याच नाडीचा ठोका आहे. पावले दूर गेली, ती खाली बसली आणि मला मात्र उजाडेपर्यंत झोप लागली नाही.

सकाळी ओल्या मातीत ठसे सापडले. गोल, नखे न उमटलेले. मुलाने उत्साहाने तात्यांना बोलावून आणले. तात्यांनी वाकून पाहिले, तंबाखू मळत दुसऱ्यांदा पाहिले आणि म्हणाले, "हा आमचा बोका. रोज अडीच-तीनला उंदरावर येतो."

फुकटचा_सल्ला

यजमानांनी झोपेत केलेले निदान कुळाच्या दृष्टीने अचूक होते, फक्त आकारात थोडी चूक झाली.

जुन्नरचा_अण्णा

कोंबड्या कोंडल्याचे वाचून समाधान वाटले. बोक्याला हसू नये. नखे न उमटलेला तसाच ठसा चार बोटे रुंद असता, तर हा प्रतिसाद मला वेगळा लिहावा लागला असता. जुन्नरच्या बाजूला येणे झाले तर आमच्याकडे मुक्कामाला यावे. जाळीचा खुराडा मोठा आहे, हवे तर यजमानही त्यात झोपू शकतील.

पशुवैद्य_वाईकर

वृत्तांत उत्तम, पण गोचिडांविषयी एक अक्षरही नाही.

मृण्मयी_को

राहिलेच. गोळी आधी दिली होती, तरी दुसऱ्या दिवशी डाव्या कानाच्या आतल्या घडीत मसुराच्या दाण्याएवढा एक सापडला. आपण सांगितल्याप्रमाणे चिमट्याने काढला. मिरीने हूं की चूं केले नाही, मीच डोळे मिटले होते. आज अकरावा दिवस आहे. भूक नेहमीसारखी आहे, हिरड्या गुलाबी आहेत आणि लघवीचा रंग मी रोज इतक्या निरखून पाहते की सोसायटीतले लोक आता माझ्याकडे पाहू लागले आहेत. लेप्टोच्या लसीची दुसरी मात्रा निघण्यापूर्वीच झाली होती.

तंबू अजून दिवाणखान्यातच आहे. आवरायला घेतला की मिरी आत जाऊन बसते.